श्ट्राइफ, किट्सब्यूल: टीव्हीवर बघितली म्हणजे बघितली असं नाही

सरळ सांगते, पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली येईलच, पण आधी हे सांगायचंय की ज्यांनी श्ट्राइफ, ही ऑस्ट्रियातली स्की रेसची वाट, फक्त टीव्हीवर बघितली आहे त्यांना ती अर्धीसुद्धा कळलेली नाही, कारण कॅमेरा उतार खाऊन टाकतो. स्क्रीनवर जो जरा तिरका पांढरा पट्टा वाटतो तो प्रत्यक्षात असा आहे की काठावर उभं राहून खाली बघितलं तर पुढचा बर्फ दिसतच नाही, एकदम खाली कुठेतरी झाडांचे शेंडे आणि त्याच्याही खाली गावातली घरं. मी अल्पाइन स्कीइंग बरीच वर्षं फॉलो करते, सगळे रन तोंडपाठ आहेत म्हटलं तरी चालेल, आणि तरीही तिथे पोचल्यावर पहिला विचार हाच आला की माणसं हे करतात कसं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑस्ट्रियात टिरोल प्रांतात किट्सब्यूल नावाचं गाव आहे, त्याच्या डोक्यावर हानेनकाम हा डोंगर, आणि त्या डोंगरावरून गावात उतरणारी ही श्ट्राइफ, पुरुषांच्या डाउनहिलची, म्हणजे वरून खाली कमीत कमी वेळात उतरायच्या शर्यतीची, वाट. सुरुवात १६६५ मीटरवर, शेवट ८०५ मीटरवर, म्हणजे ८६० मीटरचा उतार आणि लांबी ३३१२ मीटर. जिथे सगळ्यात जास्त चढण आहे, खरंतर उतरण, तिथे ८५ टक्के, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की ८५ मीटर खाली. रेकॉर्ड ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ श्ट्रोबलचं, १९९७ मध्ये १ मिनिट ५१.५८ सेकंद, आणि ते इतक्या वर्षांत कुणाला मोडता आलेलं नाही. गणित करून बघा, वळणं, उड्या, सपाट भाग सगळं धरून ताशी सरासरी १०७ किलोमीटरच्या आसपास येते. सरासरी! आणि शेवटच्या उतारावर १४० च्या वर जातात, पायात २१८ सेंटिमीटरच्या स्की, अंगावर पातळ रेसिंग सूट, डोक्यावर हेल्मेट, आणि हल्ली आत एअरबॅगवालं व्हेस्ट, बस.

आता लोक श्ट्राइफबद्दल बोलताना वेग वेग करतात, पण माझं स्पष्ट मत आहे की वेग हा मुद्दा नाहीच, याच्याइतका किंवा याच्याहून जास्त वेग दुसऱ्या कोर्सवर पण मिळतो. स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनची लाउबरहॉर्न घ्या, ती जवळजवळ साडेचार किलोमीटरची, अडीच मिनिटांची रेस आहे, तिथेही वेग जबरदस्त आहे. श्ट्राइफची खरी ताकद तिच्या क्रमात आहे. सगळ्यात भयानक भाग पहिल्या अर्ध्या मिनिटात येतो, जेव्हा पाय थंड असतात आणि रेसरला अजून बर्फाचा अंदाज आलेला नसतो. मग मध्ये ती तुम्हाला सोडते, सपाट भागात नुसतं गोळा होऊन सरकायचं, आणि मांड्या पार पेटल्या, श्वास संपत आला की दुसरा भयानक भाग शेवटी. कुणी मुद्दाम आखली असती तरी इतकी दुष्ट आखणी जमली नसती, आणि गंमत म्हणजे डोंगराचा आकारच तसा आहे.

वरून सुरुवात करू. स्टार्टहाउसमधून बाहेर पडलं की लगेच उतार, दोन-तीन ढकल मारल्या की वेग पकडलाच, आणि काही सेकंदांतच माउझेफाले. इथेच तो ८५ टक्क्यांचा उतार. रेसर काठावरून हवेत जातो, साठ-सत्तर-ऐंशी मीटर लांब उडी, आणि तो हवेत असताना त्याच्याखालची जमीन पडत जाते. मी रेसच्या दिवसात नाही तर नंतर साध्या दिवशी वर जाऊन त्या काठावरून खाली बघितलं आणि पाय मागे घेतला, खोटं कशाला बोलू. उडी संपते तिथे संपूर्ण वजन एकदम अंगावर येतं आणि तेवढ्यात कारुसेलचं वळण, म्हणजे अजून तुम्ही नीट उभे राहिला नाहीत तोवर डावी-उजवी करायची, आणि त्यातून बाहेर पडता पडता श्टाइलहांग.

श्टाइलहांगबद्दल मी पानंच्या पानं लिहू शकते. नुसता खडा उतार असता तर गोष्ट वेगळी, पण हा खडा पण आहे, बाजूला कललेला पण आहे, आणि काचेसारखा कडक. तिथला बर्फ नुसता पडलेला बर्फ नसतो, त्यात पाणी सोडून तो गोठवलेला असतो, नखाने खरवडलं तर ओरखडा उठणार नाही. त्यावर उजवीकडचं लांब वळण धरायचं आणि खाली बाहेर पडताना लाइन अचूक पाहिजे, कारण पुढे लगेच ब्र्युकेनशुस म्हणजे सपाट रस्ता सुरू होतो. श्टाइलहांगमधून तुम्ही जेवढा वेग घेऊन बाहेर पडता तेवढाच पुढे बराच वेळ तुमच्याजवळ राहतो, तिथे तो नव्याने मिळवायला जागाच नाही. म्हणजे बघा, जो घाबरून जरा ब्रेक मारेल तो खाली सपाटीवर हरतो, आणि जो नाही मारणार तो जाळीत जाऊ शकतो. २००८ ला अमेरिकेचा बोडी मिलर इथून बाहेर पडताना इतका बाहेर फेकला गेला की त्याची स्की कडेच्या जाहिरातीच्या कुंपणावर चढली, माणूस अक्षरशः भिंतीवरून स्की करत परत ट्रॅकवर आला आणि तरी दुसरा आला! तो क्लिप मी किती वेळा बघितलाय याला हिशोब नाही. आणि तरी मिलरला किट्सब्यूलची डाउनहिल कधीच जिंकता आली नाही, बाकी जवळजवळ सगळं जिंकलेला माणूस.

मधल्या भागाबद्दल फार लिहीत नाही. ग्शोस, मग आल्टे श्नाइझे, टीव्हीवर हा भाग आला की लोक चहा करायला उठतात, पण वेळेचे निम्मे फरक इथेच पडतात. उठून उभं न राहता, कमीत कमी हलत, स्की सपाट ठेवून सरकणं ही वेगळीच कला आहे, आणि आल्टे श्नाइझेमध्ये खालचा बर्फ इतका खडबडीत असतो की रेसरचे पाय थडथड हलताना लांबून दिसतात. मग झाइडलआल्मची उडी.

झाइडलआल्मला मात्र थांबायलाच हवं. ट्रॅकच्या कडेला एक साधं डोंगरावरचं हॉटेल आहे, लाकडी, आणि स्कीइंगचा वर्ल्ड कप जिथे जन्मला ती जागा ही. जानेवारी १९६६ मध्ये हानेनकामच्या रेसच्या वेळी फ्रेंच पत्रकार सेर्ज लांग, फ्रान्सचे कोच ओनोरे बोने आणि अमेरिकेचे कोच बॉब बीटी इथे बसून बोलले की नुसत्या सुट्या सुट्या रेस काय कामाच्या, सगळ्या सीझनचे पॉइंट जोडून एक चॅम्पियन काढला पाहिजे. पुढच्याच हिवाळ्यात, जानेवारी १९६७ ला, वर्ल्ड कप सुरू झाला आणि किट्सब्यूलची पहिली वर्ल्ड कप डाउनहिल फ्रान्सच्या जाँ-क्लोद किलीने मारली. आज आपण जे सगळं बघतो, क्रिस्टल ग्लोब ही सीझनच्या विजेत्याची ट्रॉफी, पॉइंटचं टेबल, मार्चपर्यंत चालणारी चुरस, ते या एका हॉटेलातल्या गप्पांतून आलंय. मला असं वाटतं की तिथे गेलेल्या प्रत्येकाने दहा मिनिटं तरी बसावं.

त्यानंतर लेर्खेनशुस, आणि मग रेसचा दुसरा राक्षस, हाउसबेर्गकांटे. इथून खालचं फिनिश स्टेडियम दिसतं, गर्दीचा आवाज वर येतो, पण रेसरला बघायला वेळ नाही. काठावरून उडी, उतरल्या उतरल्या डावीकडे जोरात वळण, सगळं शरीर खाली दाबलं जातं, आणि लगेच क्वेरफार्ट, म्हणजे आडवा तिरका पट्टा, जो बाहेरच्या बाजूला ढळतो. म्हणजे डोंगर तुम्हाला खाली ओढत असतो आणि तुम्हाला उंची टिकवून आडवं जायचं असतं, दीड मिनिट जीव तोडून आल्यानंतर, पायात काही शिल्लक नसताना. उंची गेली की संपलं, जिंकलेली रेस तिथे जाते. शेजारी उभं राहून ऐकलं तर स्कीच्या कडा बर्फावर घासतानाचा जो आवाज येतो ना, तो कुठल्याच प्रक्षेपणात येत नाही, एकदम धातूचा कर्कश आवाज, आणि माणूस दिसतो न दिसतो तोवर गेलेला असतो. माझ्यासाठी सगळ्या ट्रिपचे पैसे या एका जागेवर वसूल झाले.

२०१६ ला याच पट्ट्यात आक्सेल लुंड स्विंदाल, गेओर्ग श्ट्राइटबेर्गर आणि हानेस राइशेल्ट एकामागून एक पडले. त्यातला राइशेल्ट तर २०१४ चा इथला विजेता, स्विंदाल त्या वेळी वर्ल्ड कपमध्ये सगळ्यात पुढे, म्हणजे कुणी नवखे नव्हेत. उजेड सपाट झाला होता, बर्फातले उंचवटे दिसत नव्हते, उतरताना एक धक्का बसला की गेलं. स्विंदालचा सीझन तिथेच संपला, गुडघा गेला. शेवटी तीस जण झाल्यावर रेस थांबवली आणि इटलीचा पेटर फिल विजेता ठरला. त्या दिवसाबद्दल अजून वाद होतो की आधीच थांबवायला हवी होती का, मला विचाराल तर हो, तिसरा पडायच्या आधी नक्की.

आणि मग त्सीलशुस, शेवटचा सरळ उतार आणि फिनिशची उडी. इथे मी तो अर्धा स्टार कापते. २००८ ला अमेरिकेचा स्कॉट मकार्टनी, त्याच्या तिसाव्या वाढदिवशी, ताशी १४० च्या वेगाने इथे हवेत गेला, तोल गेला, डोकं आपटलं, हेल्मेट निघून गेलं आणि तो बेशुद्ध अवस्थेत घसरत फिनिश लाइनच्या पलीकडे गेला. पुढच्याच वर्षी २००९ ला ट्रेनिंगमध्ये स्वित्झर्लंडचा डानिएल आल्ब्रेख्ट याच उडीवर पडला, जवळपास तीन आठवडे कोमात होता. २०११ ला वर माउझेफालेवर ट्रेनिंगमध्येच हान्स ग्रुगर, डोक्याला आणि छातीला मार, हेलिकॉप्टरने इन्सब्रुकला नेऊन ऑपरेशन, वाचला पण करिअर संपलं. २०२१ ला परत फिनिशच्या उडीवर उर्स क्र्युएनब्युएल. प्रत्येक वेळी नंतर उडीचा आकार बदलला जातो, बर्फ कापला जातो, पण प्रत्येक वेळी नंतर. दोन मिनिटं लढून थकलेल्या माणसाला शेवटच्या सेकंदात सगळ्यात जास्त वेगाने हवेत फेकायची गरज आहे का, हा प्रश्न मला पडतो, आणि हा कोर्स माझा सगळ्यात आवडता असूनही पडतो. रेसची अवघड जागा वर आहे, हाउसबेर्गला आहे, शेवटच्या उडीने रेसर कोण चांगला हे ठरत नाही.

त्याच उडीवर २००४ ला इटलीच्या क्रिस्टियान गेदीनाने हवेत दोन्ही पाय फाकवून पोझ मारली होती, १३० च्या वर वेग असताना, आणि नीट उतरला, तेही इथे सांगायलाच हवं. स्टेडियम वेडं झालं होतं. त्याच्याकडे बघून हसू येतं आणि पोटात गोळाही येतो.

इतिहास हवा असेल तर या गावात तो भिंतीभिंतीवर आहे. स्कीइंग इथे आणलं फ्रांझ राइश याने, १८९३ च्या हिवाळ्यात समोरच्या किट्सब्यूलर हॉर्नवरून खाली आला, लोकांना वेडा वाटला असणार. हानेनकामची पहिली रेस १९३१ ला झाली, तेव्हा वेगळ्या वाटेने, आणि श्ट्राइफवरून रेस १९३७ ला सुरू झाली, मग युद्धात खंड पडला. टोनी झाइलर याच गावचा, १९५६ च्या कोर्टिना ऑलिम्पिकमध्ये अल्पाइनची तिन्ही गोल्ड एकट्याने मारली, नंतर बरीच वर्षं हीच रेस सांभाळली. ऑस्ट्रियाच्या कार्ल श्रान्झने १९७२ ला एकाच वीकेंडला इथल्या दोन डाउनहिल जिंकल्या आणि त्यानंतर काही दिवसांतच त्याला हौशी नाही, पैसे घेतो म्हणून सापोरो ऑलिम्पिकमधून हाकललं (तेव्हा ऑलिम्पिक फक्त हौशींसाठी असायचं), परत आला तेव्हा व्हिएन्नात त्याच्या स्वागताला लाखभर माणूस रस्त्यावर. ऑस्ट्रियाचा फ्रांझ क्लामर १९७५ ला जिंकला तो इटलीच्या गुस्ताव थ्योनीच्या पुढे फक्त एका शतांश सेकंदाने, आणि थ्योनी तर मुळात स्लालमवाला, म्हणजे जवळजवळ रोवलेल्या खांबांमधून वळत जायच्या रेसचा! म्हणजे तीन किलोमीटरहून लांब रेसमध्ये फरक जेमतेम फूटभर. क्लामरने ७५, ७६, ७७ अशी लागोपाठ मारली आणि मग सगळ्यांनी संपला म्हटल्यावर १९८४ ला परत.

मला वैयक्तिक सगळ्यात आवडतो तो कॅनडावाल्यांचा काळ. १९८० केन रीड, ८१ आणि ८२ स्टीव्ह पॉडबोर्स्की, ८३ टॉड ब्रूकर, चार वर्षं लागोपाठ ऑस्ट्रियाच्या अंगणात येऊन ऑस्ट्रियाला हरवलं, लोक त्यांना वेडे कॅनेडियन म्हणायचे कारण ते ब्रेकच मारायचे नाहीत. त्याच ब्रूकरची १९८७ ची इथली पडझड बघितली की अंगावर काटा येतो, बाहुलीसारखा गोलांट्या खात गेला होता. आणि मग कॅनडाला परत जिंकायला थेट २०२५ उजाडलं, जेम्स क्रॉफर्ड, ४२ वर्षांनी. त्या दिवशी मी घरी किंचाळले होते.

स्वित्झर्लंडचा दिदिये क्यूश मात्र सगळ्यांच्या वर, पाच डाउनहिल विजय, १९९८, २००८, २०१०, २०११, २०१२. शेवटचा तर ३७ व्या वर्षी, त्याच आठवड्यात किट्सब्यूलमध्येच निवृत्ती जाहीर करून दोन दिवसांनी जिंकला. ऑस्ट्रियाच्या श्टेफान एबरहार्टरची २००४ ची रन पण बघाच, दुसऱ्यापेक्षा एक सेकंदाहून जास्त पुढे, या कोर्सवर एवढा फरक म्हणजे दुसरीच रेस खेळल्यासारखं. आणि जर्मनीचा झेप फेर्स्टल १९७८ आणि ७९ ला जिंकला होता, त्यानंतर जर्मनांना डाउनहिल मिळाली ती २०१८ ला थॉमस ड्रेसनकडून, पुढच्या वर्षी फेर्स्टलच्या मुलाने, योझेफने, इथली सुपर-जी, म्हणजे डाउनहिलपेक्षा जरा जास्त वळणांची रेस, मारली. बाप आणि मुलगा दोघांची नावं एकाच डोंगरावर.

नावं डोंगरावर हे खरंच म्हणतेय हं. हानेनकामची जी केबलकार आहे तिच्या डब्यांवर विजेत्यांची नावं आहेत. तुम्ही रांगेत उभे राहता आणि कुणाच्या डब्यात बसायला मिळेल ते बघत बसता. मला अशी गोष्ट दुसऱ्या कुठल्या खेळात माहीत नाही, की साधा प्रवासी चॅम्पियनच्या नावात बसून वर जातो. छोटी गोष्ट आहे पण यावरून कळतं की गावाला ही रेस म्हणजे नुसता धंदा नाही.

आता रेसच्या वीकेंडबद्दल, कारण बऱ्याच जणांना तेच विचारायचं असतं. जानेवारीच्या दुसऱ्या अर्ध्यात असते, साधारण शुक्रवारी सुपर-जी, शनिवारी डाउनहिल, रविवारी शेजारच्या गान्सलर्नच्या उतारावर स्लालम. शनिवार म्हणजे मुख्य. गाव आठेक हजार वस्तीचं आणि त्या एका दिवशी तिथे चाळीस-पन्नास हजार माणूस येतं, त्यामुळे गाडीने यायचा विचारच करू नका, रेल्वेने या. किट्सब्यूल हानेनकाम म्हणून जे छोटं स्टेशन आहे ते फिनिशच्या एकदम जवळ आहे, उतरलात की गर्दीच तुम्हाला नेते. हे नियोजन मला फार आवडलं, इतकी माणसं इतक्या छोट्या जागेत आणि तरी चेंगराचेंगरी नाही. रेस साधारण साडेअकराला सुरू होते पण चांगली जागा हवी तर सकाळी लवकर पोचायलाच हवं, आणि थंडीत तीन-चार तास नुसतं उभं राहायचं असतं, तर पायांची काळजी घ्या, जाड तळाचे बूट आणि दोन मोजे, बाकी जॅकेट वगैरे सगळे घालतातच पण थंडी खालून येते.

गर्दी कशी असते? आवाज प्रचंड, झेंडे, घंटा, गाणी. एक गोष्ट मनापासून आवडली, ऑस्ट्रियाचे लोक आपल्या माणसासाठी ओरडतात हे ठीकच, पण स्विस, नॉर्वेजियन, इटालियन कुणीही चांगला रन मारला की तसंच ओरडतात. शेवटच्या नंबरवर येणाऱ्या कुठल्यातरी छोट्या देशाच्या पोरालाही टाळ्या, कारण तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहितीये की नुसतं खाली पोचणं म्हणजे काय. जे खटकलं ते पण लिहिते. दारू फार, दुपारनंतर गावात चालणं कठीण होतं. आणि कुणी पडलं की मोठ्या स्क्रीनवर आधी सगळे आ करून ओरडतात, काही जणांच्या ओरडण्यात मजा असते, ते मला सहन होत नाही. मग हेलिकॉप्टर येतं तेव्हा मात्र चाळीस हजार माणसं गप्प होतात. व्हीआयपी तंबू, सिनेमावाले, श्वार्झनेगर, फोटो, हे सगळं पण आहे, ते आपल्या वाट्याला येत नाही आणि त्याने काही बिघडतही नाही. बक्षिसाची रक्कम पण इथेच मोठी, डाउनहिलच्या विजेत्याला अलीकडे १ लाख युरो मिळतात. टेनिस किंवा फुटबॉलशी तुलना केली तर एवढा जीव धोक्यात घालून हे काहीच नाही असं माझं मत.

रेस सोडून साध्या दिवशी गेलात तर? तर उलट जास्त कळतं, असं मी म्हणेन. केबलकारने वर जा, स्टार्टहाउस तिथेच आहे, जवळ जाऊन बघता येतं, आणि त्या फाटकाच्या जागेवरून खाली नजर टाकली की सगळं समजतं. रेसची तयारी चालू नसेल तेव्हा साध्या स्कीवाल्यांसाठी फॅमिली श्ट्राइफ म्हणून वाट आहे, ती अवघड भागांना वळसा घालून जाते आणि मध्ये मध्ये खऱ्या ट्रॅकला येऊन मिळते, मध्यम येणाऱ्यालाही आरामात जमते. माउझेफाले, श्टाइलहांग, हाउसबेर्ग हे भाग वेगळे, फक्त पक्क्या लोकांसाठी, आणि तिथे पाट्या लावल्यात त्या वाचा, शोभेच्या नाहीत. मी फॅमिलीवालीवरूनच उतरले, आणि जिथे जिथे खरा ट्रॅक शेजारी आला तिथे थांबून बघत बसले. सपाट दिसणाऱ्या ग्शोसच्या भागात सुद्धा वेग सोडून दिला की मांड्या भरून येतात, मग कळतं की ते दोन मिनिटं कसे काढत असतील. लहान मुलं घेऊन गेलात तरी चालेल, त्यांना तो डब्यावरच्या नावांचा खेळ आवडतो.

उन्हाळ्यात तर पूर्ण चालत जाता येतं, गवत, गायी, फुलं, आणि बर्फ नसल्याने उताराचा खरा आकार दिसतो. श्टाइलहांग पायी चढताना हात टेकावे लागतात अशी स्थिती. हिवाळ्याच्या शेवटी काही वेडे लोक हाच कोर्स खालून वर पळत चढायची रेस करतात, रात्री, डोक्याला दिवे लावून, ती बघायची माझी इच्छा आहे.

कुणी जावं? ज्याला स्कीइंगचा गंधही नाही त्याला पण मी जा म्हणेन, फक्त आधी एक-दोन जुन्या रन बघून जा, म्हणजे कुठे काय होतंय कळेल. ज्याला शांत, निसर्गरम्य, डोंगरांचा देखावा हवाय त्याने वेंगेनला जावं, तिथे आयगर हा डोंगर समोर उभा असतो, तो देखावा इथे नाही, हे मान्य. आणि ज्याला फक्त फिनिशला उभं राहून मोठी स्क्रीन बघायचीये त्याने घरीच थांबलं तरी चालेल. पहिल्यांदा जात असाल तर स्टेडियममध्ये अडकू नका, कडेकडेने वर चढा, हाउसबेर्गच्या बाजूला जेवढं वर सोडतील तेवढं, दम लागला तरी चढा, पहिला रेसर क्वेरफार्टमध्ये येईपर्यंत जाळीजवळची जागा धरा आणि मोबाइल खिशात ठेवा, शूट करायला गेलात तर तो जाऊन पण होतो.